ड्रम खाली है

“पोरीला घेऊन आलेत सोबत. इंग्लिश वाचायला.”

काचेच्या दारापलीकडे एच.आर.चे साहेब फोनवर हसत होते. दार नीट लागलं नव्हतं. “हो हो, आज सही झाली की विषय संपला.”

पप्पांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. पुसून झालेला चष्मा ते पुन्हा पुसत होते. डोकमर्डीहून स्कूटरवर येताना त्यांनी मला बजावलं होतं, “तू फक्त वाच. बोलू नको काही.” सांगायची गरज नव्हती. अनोळखी माणसांसमोर माझा आवाज तसाही घशातच राहतो.

पप्पा याच कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या शिफ्टमध्ये एका नव्या कामगाराच्या पायावर ड्रममधलं ॲसिड सांडलं. पाय वाचला, पण तो अजून दवाखान्यात होता. चौकशीच्या अहवालाखाली पप्पांनी ‘मान्य’ म्हणून सही करायची होती. सही केली की नोकरी जाणार, हे घरात कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. आई फक्त फोन वाजला की दचकायची.

साहेबांनी आत बोलावून एक पान पुढे सरकवलं. “फॉर्मॅलिटी आहे, काका. वाचा मॅडम तुम्ही पण. मार्क देतो.”

मी आमलीत सहावीच्या मुलांची ट्यूशन घेते. उतारा दिला की आधी त्यातलं मुख्य विधान शोधायचं, मग त्याला आधार देणारे तपशील. मुलं एक चूक हमखास करतात. मुख्य विधानाच्या शेजारी जे वाक्य असेल, तेच त्याचा आधार असं धरून चालतात. सवयीने मी पर्समधून पेन्सिल काढली. पण ती कागदावर टेकवली नाही.

मुख्य विधान पहिल्याच ओळीत होतं. अपघात सुपरवायझरच्या बेफिकिरीमुळे झाला. मग कामगाराने दवाखान्यातून हिंदीत सांगितलेली हकिगत, ऑफिसने इंग्रजीत उतरवलेली. फरशी धुवायची होती, म्हणून त्याने ड्रम मागितला. सुपरवायझर म्हणाले, ड्रम एम्प्टी आहे. म्हणताना त्यांनी जिन्याकडे बोट दाखवलं. कामगाराने शेजारचा ड्रम रिकामा समजून, पाणी भरायला न्यावा म्हणून आडवा केला.

जिन्याच्या वाक्यावर मी अडखळले. शेजारचा ड्रम रिकामा आहे असं सांगणारा माणूस जिन्याकडे बोट कशाला दाखवेल?

आठ दिवस पप्पा जेवताना एकच वाक्य म्हणत होते. “मी त्याला सांगितलं होतं ना, ड्रम खाली है.” पप्पा जळगावकडचे. सिल्वासात वीस वर्षं झाली, तरी हिंदी बोलताना ते मराठी वाक्याला नुसता ‘है’ लावतात. ते म्हणत होते तो ड्रम जिन्याखाली होता. हिंदीत ऐकणाऱ्याला तो रिकामा वाटला आणि इंग्रजीत लिहिणाऱ्याने ‘एम्प्टी’ लिहिलं.

मला हवं तेच मी शोधत नाहीये ना? आवडलेल्या वाक्याखाली रेघ मारणाऱ्या मुलांना मी रागावते. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. पप्पांनी मागे वळून पाहिलं नव्हतं, हेही त्यात होतं आणि ते खरं होतं. बेफिकिरीला तेवढा आधार होता. पण जिन्याचं वाक्य कितीही वेळा वाचलं तरी ‘एम्प्टी’च्या बाजूला जाईना. आणि ते सांगितलं होतं ज्याचा पाय भाजला त्यानेच.

“झालं का मॅडम? पेपर कठीण आहे का?” साहेबांनी घड्याळ पाहिलं. बोलले आणि चुकले तर? साहेब चिडले तर? पप्पांनीच बोलू नको म्हणून सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे न बघता पेनाचं टोपण काढलं. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. ते माझ्या हातापेक्षा गार होतं.

“सर,” मी म्हणाले. आवाज फाटला, पण आला. “तुम्ही पण मराठीच आहात ना? मग सांगा, तुमच्या घरी ‘ड्रम खाली आहे’ म्हटलं, तर ड्रम कुठे असतो?”