गच्चीवरचा संशयित आणि त्याचा अनुभवाचा दाखला

खुनाचे, दरोड्याचे गुन्हे नोकरीत पुष्कळ उघडकीस आणले. त्यातले निम्मे आता आठवतही नाहीत. पण भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, उपकोषागाराच्या गच्चीवर पकडलेला तो माणूस अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे.

मी तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ठाणेदार होतो. तहसीलसमोरचा चहावाला आमचा जुना खबऱ्या. त्याचा फोन आला, "साहेब, कोषागाराच्या गच्चीवर एक माणूस हातोडीनं टकटक करून राह्यला. गाडी पाठवा जी लवकर." आमच्याकडे मे महिन्यात त्या वेळी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. त्या उन्हात गच्चीवर चढणारा एक तर वेडा असणार, नाही तर चोर. मी चोर धरून चाललो.

चाळिशीचा, रापलेला गडी होता. पिशवीत लहान हातोडी, टेप, खडू आणि एक वही. वहीत तालुक्यातल्या अकरा सरकारी इमारतींच्या गच्च्यांचे नकाशे, मापांसकट. 'उपकोषागार: पूर्व कोपरा पोकळ.' 'तहसील: जिन्यावरचे छत कच्चे.' आणि शेवटच्या पानावर, खाली दोन रेघा मारून, 'पोलीस ठाणे: मुद्देमाल खोली, सर्वांत वाईट.'

माझी छाती फुगली. मी स्टेशन डायरीला नोंद घ्यायला सांगितली आणि जिल्ह्याला फोन करून कळवले की सरकारी इमारती फोडणाऱ्या टोळीचा म्होरक्या हाती लागला आहे. 'इतर साथीदारांचा कसून शोध सुरू' हे वाक्यही मनात तयार झाले. हवालदार म्हणाला, "साहेब, आधी इचारून त घ्या." मी त्यालाच गड्याला आत आणायला सांगितले.

चौकशी सुरू झाली.

"गच्चीवर काऊन चढला होतास?" रागात मीही तिथलीच भाषा बोलत असे.

"गच्ची पाह्याले, साहेब. मले काम पाह्यजे."

"कसलं काम?"

"गच्ची गळू नये म्हनून करतेत ते. मी पेटी ठेकेदार हावो जी, नालवाडीचा."

पेटी ठेकेदार म्हणजे सरकारी काम मोठा ठेकेदार घेतो, आणि ते प्रत्यक्ष करणारा जो दुसराच असतो, तो. हा गडी आणि त्याची बायको बारा वर्षे दुसऱ्याच्या नावावर गच्च्या करत होते. आता स्वतःच्या नावावर काम घ्यायचे म्हणून त्याने लहान ठेकेदारांसाठीच्या एका मोफत वर्गात तीन दिवस शिक्षण घेतले होते. तिथल्या मास्तरांनी सांगितले होते, "साहेबाकडे काम मागायला जाऊ नका. त्याची अडचण त्याच्याआधी ओळखा, मग जा." मास्तरांच्या डोक्यात काय होते कोण जाणे. आमच्या गड्याने दुसऱ्याच दिवशी शिडी उचलली.

"परवानगी?"

"मांगतली असती त मंग अडचन त्याहीले आधी समजली असती ना, साहेब."

हवालदार खोकत खोकत बाहेर गेला.

मी त्या मोठ्या ठेकेदाराला फोन लावला. तो म्हणाला, असा कोणी माणूस मी ओळखत नाही. हे ऐकल्यावर मात्र तो गडी एकदम खचला. "फोटो नाही का कामाचे?" मी विचारले. मोबाईल काढून त्याने दाखवले. फोटो ठेकेदाराच्या इंजिनिअरने काढलेले. मध्ये इंजिनिअर हसतोय, मागे वाकलेली एक पाठ. "हे मी हावो," तो म्हणाला. पाठीवरून ओळख परेड घेण्याची तरतूद कायद्यात नाही.

"साहेब, ठेकेदाराच्या नोंदनीले तुमच्याच ठान्याचा चारित्र्याचा दाखला लागते. गुन्ह्यात नाव आलं का तो भेटत नाई. मंग जलमभर दुसऱ्याच्याच नावानं राबनं हाय."

संध्याकाळच्या एसटीने बायको आली. रडणे नाही, हातापाया पडणे नाही. तिने हातातली पितळी बांगडी काढून माझ्या टेबलावर आपटली. "पंचायत समितीच्या गच्चीवर जा. पानी उतरते त्या तोंडापाशी ओल्या सिमेंटात हे बांगडी दाबली हाय मी. जिथं जिथं काम केलं तिथं तिथं दाबली. पाटीवर त्या ठेकेदाराचं नाव राह्यते, मंग आमचं कुठं राहीन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच घेऊन मी स्वतः शिडी चढलो. एक पंच कृषी केंद्रवाला, दुसरे निवृत्त शिक्षक. कबुतरांची घाण खरवडली. खाली बांगडीचा गोल ठसा, नक्षीच्या सात पाकळ्यांसह. बांगडी ठेवली, तंतोतंत बसली. आणखी दोन गच्च्यांवर गेलो, तेच. शिक्षक घाम पुसत म्हणाले, "गच्ची मात्र ठणठणीत आहे हो." तेही पंचनाम्यात आले.

परत आलो तर मुद्देमाल कारकून दारात उभा. वहीतली नोंद वाचून त्याने खोलीतले कपाट पुढे सरकवले होते. मागची भिंत वरपासून खालपर्यंत फुगलेली, आणि आमचे जप्त केलेले दस्तऐवज बुरशीने हिरवे. पावसाळा तीन आठवड्यांवर होता. पुरावा वाचवला तो आमच्या संशयिताने.

मी त्याला समज देऊन, जबाब नोंदवून सोडले. जिल्ह्याला फोन करून टोळी मागे घेतली. तो फोन कसा झाला ते सांगत नाही.

जाताना गडी दारात घुटमळला. "साहेब, त्या पंचनाम्याची नक्कल भेटन का?"

"कशाले?"

"काम आमीच केलं असं सरकारी शिक्क्यानं लिहिलेला तेवढाच कागद हाय जी आमच्यापाशी."

नक्कल दिली. महिन्याभराने नोंदणी कार्यालयातून एका बाबूचा फोन आला. "साहेब, ठेकेदाराच्या अर्जाला अनुभवाचा दाखला म्हणून चोरीच्या संशयाचा पंचनामा जोडलाय. याचं काय करू?" मी म्हटले, "नीट वाचा. दोन पंचांसमक्ष, मोजमापासह, खुद्द ठाणेदाराने शिडी चढून केलेली तपासणी आहे. एवढी तपासणी करून दिलेला दुसरा दाखला तुमच्या कपाटात असेल तर मला दाखवा." अर्ज मंजूर झाला. चारित्र्याच्या दाखल्यावर मी त्याआधीच सही केली होती.

तीस वर्षे माझ्यासमोर बसलेला प्रत्येक जण हात जोडून म्हणाला, "साहेब, हे मी केलं नाही." ते पडताळायला मी शिकलो होतो, आणि त्यात मी हुशार समजला जात असे. हा एकटाच माणूस हात जोडून म्हणत होता की, "साहेब, हे मीच केलं," आणि माझा विश्वास बसत नव्हता. याची मला आजही लाज वाटते.