जनाताई आणि मोकळ्या हाताचं मत

खासदार जनाताई ढेबे यांना मी प्रथम पाहिलं ते विंझरच्या आमच्या दूध संस्थेच्या दारात. मी संस्थेचा सचिव. शाळेतल्या कविता चालीवर म्हणत दूध मापायची माझी जुनी खोड. त्या सकाळीही मी कुठल्याशा कवितेतल्या रानात हरवलो होतो. रांगेतून एक नवी सून खणखणीत आवाजात म्हणाली, "सेक्रेटरी, कविता लई ग्वाड हाय, पण तवर दूध नासंल की!" सगळी रांग हसली. मीही हसलो आणि मापाला लागलो. ती सून म्हणजेच जनाताई.

ताईंचं माहेर पासलीच्या वरच्या अंगाला, धनगरवाड्यावर. बालपण शेळ्या-मेंढ्यांमागं गेलं. डोंगर उतरून शाळेला यायच्या, सातवीपर्यंत शिकल्या. त्या उतरणीवर पाठ केलेल्या कविता आजही त्यांना येतात. एखादी ओळ मला आठवली नाही तर त्या पुरी करतात. पुढं त्या संस्थेच्या संचालक झाल्या. वाड्यावरचं दूध पावसात खाली येईना, तेव्हा भोरच्या शौकतभाईंची जीप त्यांनीच ठरवली. त्या ओळखीतून लोकांनीच त्यांना पंचायत समितीला उभं केलं.

ती पहिली निवडणूक मी विसरणार नाही. ताईंचं नाव पुढं यायच्या आधीच विरोधी उमेदवाराची माणसं वाड्यावर जाऊन आली होती. देवळात बेल-भंडार उचलून वाड्यानं त्यांना मताचा शब्द दिला होता. आमच्या डोंगरात देवाचा भंडारा मुठीत घेऊन दिलेला शब्द म्हणजे शेवटचा. आणि सर्वांत आधी मूठ वळली होती ती ताईंच्या वडिलांची, धोंडिबाआबांची.

आबा संस्थेच्या पायरीवर येऊन बसले. मान वर होईना. "जने, म्या भंडार उचाललाय गं. आता लेकीला मत कसं दिऊ?"

शौकतभाई म्हणाले, "आबा, घरच्या पोरीसाठी हाय. देव माफ करंल."

"देव करंल, शौकतभाई," ताई म्हणाल्या, "पण आबा सोताला माफ करायचे न्हाईत." मग वडिलांजवळ बसून म्हणाल्या, "आबा, शब्द पाळा. वाड्यालाबी तेच सांगा. तुमाला खोटं पाडून घेतलेल्या खुर्चीवर मला बसवणार न्हाई."

वाड्यानं शब्द पाळला आणि ताई पडल्या, त्याही वाड्याच्याच मतांनी. निकालाच्या संध्याकाळी आबा अंगणाबाहेरच उभे राहिले. ताईंनी हाताला धरून आत आणलं, ताट वाढलं. "जेवा. पडले म्या. तुमी कशापायी उपाशी?"

पुढच्या खेपेला आम्ही कार्यकर्ते शहाणे झालो होतो. विरोधकांच्या आधी वाडा गाठला, देवळात बेल-भंडाराचं तबक मांडलं. मी तर मनात विजयाचं गाणंही रचून ठेवलं होतं. ताईंनी तबक उचललं आणि फिरून प्रत्येकाच्या कपाळाला भंडारा लावला. तबक रिकामं झालं.

"ताई, अवो शपथ ऱ्हायली!" शौकतभाई कळवळले.

"ऱ्हाऊ द्या. भंडार कपाळाला लावायचा, त्यानं कुणाचं हात बांधायचं न्हाईत. ज्याला पटंल त्यो मत दील."

परतताना जीपमध्ये जो तो मतांची बेरीज मांडत होता. ही दुसरी हार घराण्याला झेपेल का, हाच घोर सर्वांना होता. मतदानाच्या दिवशी आबा केंद्रातून बाहेर आले, बोटावरची शाई लेकीला दाखवली आणि एवढंच म्हणाले, "जने, औंदा हात मोकळा हुता." ताई निवडून आल्या. त्यापेक्षा आबांचं ते वाक्य त्यांना मोठं वाटतं, हे त्यांच्या डोळ्यांत मी पाहिलं आहे.

पंचायत समितीतून जिल्हा परिषद, तिथून लोकसभा, असा त्यांचा प्रवास झाला. सभेत त्या कुणाला हात वर करायला लावत नाहीत. स्वतःचा शब्द मात्र जपून देतात. वेल्ह्याच्या बाजारात लोक म्हणतात, "ताई 'बगते' म्हणाल्या तर वाट बगा, 'करते' म्हणाल्या तर घरी जा."

माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज दिल्लीहून फोन यायचा. "सेक्रेटरी, वाचायचं न्हाई. पाठ हाय ती म्हणा, म्या ऐकते." अधिवेशनात गुंतलेली बाई पलीकडून माझी बेसूर कविता ऐकायची. असं भाग्य किती सचिवांचं असेल?

आज ताई साठ वर्षांच्या होत आहेत. शंभरी गाठण्याचा शब्द त्यांच्याकडून घ्यावा असा मोह होतो, पण शब्दात बांधलेलं त्यांना रुचणार नाही. म्हणून नुसतं मागणं मागतो : ताईंची तब्येत ठणठणीत राहो, वाड्याची चढण त्यांना कधी जड न जावो आणि आम्हा डोंगरातल्या माणसांना असंच मोकळ्या हातानं त्यांच्यामागं उभं राहता येवो.