ग्वांगझूत खडा मिळेना

सप्टेंबरचा तिसरा मंगळवार, सकाळी साडेअकरा. ठिकाण: ग्वांगझू, नदीकाठच्या नव्या बिझनेस डिस्ट्रिक्टमधला एक टॉवर, तळमजल्यावरची डेमो रूम. हजर: अमरावतीच्या डाळ मिलचे मालक गजाननभाऊ, त्यांच्या पत्नी आणि मिलमधल्या भागीदार सुनंदावहिनी, मशीन बनवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर लिन, आणि मी, अकोल्याची डाळ मिल कन्सल्टंट.

मशीन चालू होतं आणि रिजेक्टचा ट्रे रिकामा होता.

"पाहा ताई, एक दाणा खराब नाही निघाला," भाऊ म्हणाले. "करू का सही?"

"थांबा."

हे मशीन म्हणजे कलर सॉर्टर. डाळ उतारावरून घसरत येते, कॅमेरा प्रत्येक दाणा पाहतो. काळा, डागी किंवा साल राहिलेला दाणा दिसला की हवेची फुंकर बसते आणि तो बाजूच्या ट्रेमध्ये उडतो. ट्रे रिकामा, म्हणजे एक तर मशीन आंधळं, नाही तर डाळीत खराब दाणाच नाही. दुसरी गोष्ट आमच्याकडच्या कच्च्या मालात मी बावीस वर्षांत पाहिलेली नाही. मी मूठभर तूरडाळ हातात घेतली. सगळी एकसारखी, पिवळीधमक.

दहा किलोचा हा नमुना महिनाभर आधी कागदपत्रांसह कुरिअरने गेला होता. "नमुना पाठवा," असं मी फोनवर सांगितलं, पाठवल्याचा निरोप आला, वहीत टिक केली.

"वहिनी, ही डाळ कोणी भरली?"

"मीच. दोन दुपारा बसून निवडली बी. परदेशात डागी डाळ पाठवाची का? लोक काय म्हणतीन?"

"अवं, डागी डाळच तर दाखवाले आलो आपण!" भाऊंनी कपाळावर हात मारला.

"मंग आधी सांगाचं होतं." हे त्या माझ्याकडे पाहून बोलल्या. बरोबर बोलल्या.

परतीचं विमान दुसऱ्या सकाळी होतं. नवी तूर यायच्या आत मशीन अमरावतीत उभं करायचं तर सही आजच व्हायला हवी होती. मी हो म्हटलं आणि मशीन फसलं, तर त्यांचा हंगाम जाणार. त्यानंतर अकोल्याच्या मिलवाल्यांनी माझा शब्द का मानावा?

लिन तासभर मीटिंगला गेली. मी ठरवलं, बाहेरून खडे, ढेकळं, काड्या आणायच्या. रंगाने वेगळं काहीही मिसळलं तरी निदान कॅमेऱ्याला दिसतं का, ते कळेल. आम्ही तिघं नदीवर गेलो.

तिथे खडा नव्हता.

नदीपर्यंत रुंद पायऱ्या, बसायला बाक, डोक्यावर सावली. ऑफिसातले लोक डबे घेऊन पाण्याकडे तोंड करून जेवत होते. झाडांच्या बुंध्याशीही माती उघडी नाही, जाळी बसवलेली. मी या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत फरशीच्या सांधी तपासल्या. माझं गाव मोर्णेच्या काठी आहे. बावीस वर्षांत मी एकदाही नदीकाठी बसून डबा खाल्लेला नाही. पाहुणे आले की त्यांना नदी सोडून बाकी सगळं दाखवतो. माझा जळफळाट झाला. उंच इमारतींचं काही नाही, त्या पैसे असले की होतात. मी जळले त्या सांधींवर. त्या रोज कोणी तरी झाडतं.

भाऊ उकिडवे बसून बोटाने फट खरडत होते. "ताई, या गावात लोक राह्यतेत की फक्त फोटो काढतेत?"

एक गार्ड आला. आमचं काही तरी हरवलं असं समजून त्याने टॉर्च लावला. दोन झाडूवाल्या बायका मदतीला आल्या. वहिनींनी हाताने नाही नाही केलं, तर त्यांनी वहिनींच्या कानातली मोजली, दोन्ही जागेवर पाहून आणखीच गोंधळल्या. शेवटी मीटिंग संपवून लिन आम्हाला शोधत आली. मी तिला इंग्रजीत सगळं सांगितलं. ती हसली नाही, याचाही मला राग आला.

"सगळे साफ करूनच पाठवतात," ती म्हणाली. "चला वर."

एकोणतिसाव्या मजल्यावर तिच्या खोलीत भिंतभर काचेच्या बाटल्या होत्या. प्रत्येकीत कुठल्या तरी मिलचा खराब माल. लेबलवर देश, गाव, हंगाम, दोष आणि मशीन कुठे चुकलं ते. तिचं आणि माझं काम एकच. वयाने ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मी वह्यांमागून वह्या याद्यांनी भरल्या, पण एक दाणा जपून ठेवला नाही. खिडकीतून अख्खी नदी दिसत होती. मी तिकडे पाहिलंच नाही, बाटल्याच पाहत राहिले.

तिने म्यानमारच्या तूरडाळीची बाटली काढली आणि खाली डेमो रूममध्ये येऊन त्यातला मोजून शंभर ग्रॅम माल आमच्या डाळीत मिसळला. मशीन सुरू झालं. काळे आणि डागी दाणे उडाले. लिनने अंगठा वर केला.

वहिनींनी चांगल्या मालाचा ट्रे पुढे ओढला. बोटं सरसर फिरली.

"हे पाहा. एका बाजूनं साल हाय. सोडून राह्यलं तुमचं मशीन."

चाळीसेक दाणे होते. मशीन मसूर डाळीच्या सेटिंगवर होतं. लिनने दाण्यांमागच्या प्लेटचा रंग आणि दिवा तुरीसाठी बदलला. पुन्हा चालवलं. वहिनींनी ट्रे पुन्हा निवडला. दोन दाणे.

"आता?" भाऊंनी विचारलं.

"करा. पण करारात एक ओळ घाला. शेवटची चाचणी अमरावतीत, तुमच्या न निवडलेल्या मालावर."

वहिनी म्हणाल्या, "नाही निवडत, बाप्पा!"

मशीन डिसेंबरअखेर बसलं. चाचणी पास झाली, अजून तक्रार नाही. मी शिकले ते एवढंच: नमुना सगळ्यात वाईट पोत्यातला घ्यावा आणि तो भरताना स्वतः तिथे उभं राहावं. टिक त्यानंतर.

निघताना लिनने फळीवरची एक रिकामी जागा दाखवून दोन किलो वऱ्हाडी रिजेक्ट मागितला होता. पिशवी जानेवारीतच भरली, कागदही तयार आहेत. माझ्या यादीत ते काम पाचव्या नंबरावर आहे. वरची चार बदलत राहतात, पाचवं तिथेच आहे. तिचा संग्रह माझ्या हाताने पुरा करून द्यायला अजून मन होत नाही.