मेश्रामचा ग्राफ पेपर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि गंमत म्हणजे यातलं निम्मं तिच्यासमोरच घडलं. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. न्यू जर्सीत, पार्सिपनीला, मी एका कंपनीत इंजिनियर होतो. आमच्या मजल्यावर मराठी दोघंच — मी पुण्याचा, मेश्राम नागपूरचा. फेब्रुवारीत बाहेर गुडघाभर बर्फ असायचा आणि आम्ही लंच अवरमध्ये येत्या सीझनला कुठली कुठली बेसबॉल स्टेडियम पाहायची याचे बेत आखत बसायचो. हसू नका. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाची परदेशात उपासमार होते, मग तो मिळेल ते खातो. हा खेळ मला मेश्रामनेच शिकवला. बारीक पेन्सिलीने चौकोनात स्कोअर कसा लिहायचा, तेसुद्धा. त्याच्या डब्यातली वांग्याची भाजी मी रोज खायचो. हे मुद्दाम सांगतोय — कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच ऐकवत आलो, की अरे, तू तर त्याच्या डब्यात जेवायचास.

त्या वर्षीचा बेत मोठा होता. एका लाँग वीकएंडला तीन शहरं. पण प्रत्येक टीम निम्मे सामने घरी खेळते, निम्मे बाहेर. तिन्ही टीम एकाच वेळी घरी सापडणं म्हणजे डोक्याला ताप. मेश्रामने टीमच्या ऑफिसांना पत्रं लिहून वेळापत्रकं मागवली. ग्राफ पेपरवर आडव्या तारखा, उभी शहरं, आणि घरचा सामना असेल तो चौकोन हिरवा. एका दुपारी तो ओरडलाच — “मिळालं ना बाप्पा! तिन्ही हिरवे!” मे अखेर. शुक्रवारी पिट्सबर्ग, शनिवारी क्लीव्हलंड, रविवारी डेट्रॉइट, सोमवारी घरी.

राहायची सोय करणं माझ्याकडे होतं. तेव्हा मोटेलात उतरणं म्हणजे त्या गावातल्या मराठी माणसाचा अपमान. कुणाची तरी ओळख काढायची, फोन करायचा, की पिठलं-भात तयार. क्लीव्हलंडला तर माझ्या बायकोची, वीणाची, सख्खी मावशी. पहिला फोन मी तिकडेच केला.

मावशी खूश झाल्या. मग म्हणाल्या, “बरोबर कोण म्हणालास?” मी आडनाव सांगितलं. “नागपूरचे का?” मी हो म्हणालो. “असं बघ, आपल्याकडे स्वयंपाकघरातच देव आहेत. तू घरचा आहेस. तू नि वीणाच या ना.”

मेश्राम बौद्ध होता. आडनावावरून मावशींना जे कळायचं ते कळलं होतं — आणि त्यांना काय कळलं, ते मलाही कळलं. मी काय काय म्हणू शकलो असतो? ‘मग आम्ही दोघं मोटेलात उतरतो,’ एवढं तरी? मी म्हणालो, “बरं मावशी.”

मेश्रामला सांगितलं, “मावशी आजारी आहेत रे. ट्रिप कॅन्सल केली.” त्याने कागदाची नीट घडी घातली. “तब्येत पहिले,” म्हणाला. “मॅच काय, पुढच्या साली पाहून घेऊ.” त्यानंतर तो रोज विचारायचा, मावशी कशा आहेत म्हणून. आणि मी रोज त्यांना थोडं थोडं बरं करत होतो.

मग मी गेलो — हो, गेलो. वीणाला घेऊन, फक्त क्लीव्हलंडला, मेश्रामने शोधलेल्या तारखेला. तिकिटं माझ्या पत्त्यावर आली होती. ती परत पाठवली असं मी त्याला सांगितलं होतं. वीणा मावशीकडे राहिली. मी त्या अवाढव्य, अर्ध्याअधिक रिकाम्या स्टेडियममध्ये एकटा बसलो, शेजारच्या खुर्चीवर — त्याच्या खुर्चीवर — जॅकेट ठेवून. त्याने शिकवला तसा स्कोअर लिहिला. आणि मला मजा आली. हेही सांगायला हवं. वाईट वाटलं होतं असं म्हटलं तर बरं दिसेल. नव्हतं वाटलं.

जुलैत मराठी मंडळाची पिकनिक होती. सगळे ताटं घेऊन उभे, आणि वीणा कुणाला तरी सांगत होती — तिला बिचारीला माझ्या थापेचा पत्ताच नव्हता — “मेमध्ये क्लीव्हलंडला गेलो होतो ना, मावशीने पुरणपोळ्यांचा ढीग घातला, आणि हे आपले दिवसभर स्टेडियममध्ये!” मेश्राम शेजारीच होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तिला विचारलं, “अच्छा? मॅच कशी झाली, वहिनी?” “मला काय कळतंय त्यातलं,” म्हणून ती हसली. तोही हसला. मी बर्फ आणायला गेलो.

इथे थांबलो तर निम्मा दोष मावशींच्या पदरात टाकून मोकळं होता येतं. मी वर्षानुवर्षं होत आलो. जुन्या वळणाच्या बाई, त्यांचं घर, त्यांचे देव — मी काय करणार? पण मला जे सांगायचं आहे ते हे नाहीच. ते पुढचं आहे.

पुढच्या फेब्रुवारीत मेश्रामने माझ्या टेबलावर नवा ग्राफ पेपर ठेवला. तीच तीन शहरं, तिन्ही हिरवी. आणि या वेळी प्रत्येक शहराखाली त्याच्या बारीक अक्षरात एका मोटेलचं नाव, हायवेच्या एक्झिटचा नंबर, आणि पुढे — ‘दोन पलंग’. खाली ‘गाडी : आलटून पालटून’. मागच्या वर्षाबद्दल एक अक्षर नाही. त्याला सगळं कळलं होतं. कोण, का, सगळं. तरीही त्याने असा रस्ता काढला होता, की मला कुणाला फोन करावा लागू नये. कुणी आडनाव विचारू नये. माझीच लाज तो झाकत होता — समजतंय ना तुम्हाला?

“पाहून घे,” म्हणाला. “आरामात सांग.”

आणि मी विचार केला — नऊ नऊ तास गाडीत याच्या शेजारी बसायचं? याने विचारलं तर? आणि नाहीच विचारलं तर?

“यंदा जमेलसं वाटत नाही, यार,” मी म्हणालो. “घरी कामं आहेत.”

त्या वेळी मला कुणी काही विचारलं नव्हतं. ना मावशी होत्या, ना त्यांचे देव. मी होतो फक्त.

तो “ठीक आहे” म्हणाला. कागद मात्र त्याने परत नेला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो आपल्या टेबलावर जेवू लागला. दोन वर्षांनी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला गेला. मजल्यावरच्या सगळ्यांनी त्याच्या कार्डावर सह्या केल्या. मी ‘बेस्ट ऑफ लक’ लिहिलं, इंग्रजीत.

तो ग्राफ पेपर माझ्याकडे आहे. हिरवा रंग अजून तसाच आहे.

आणि त्या दुसऱ्या वर्षीचा तो लाँग वीकएंड — घरी कसलंही काम नव्हतं. मी लॉन कापलं. शनिवारी एकदा, आणि रविवारी पुन्हा.