मॅचपुरता कायम

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला हौशी खेळाडू म्हणायला नको. मी हौशी नव्हतो. पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलच्या फुटबॉल टीमसाठी मी तीन सीझन हाफ म्हणून खेळलो आणि मिलनं मला ठेवलंच होतं त्यासाठी. आताची मुलं मिडफिल्डर म्हणतात. आम्ही हाफ म्हणायचो. बॅककडून बॉल घ्यायचा, फॉरवर्डला पोचवायचा, मधे जो येईल त्याच्या पायातून काढून घ्यायचा, आणि गोल झाला की ज्यानं मारला त्याला खांद्यावर घेऊन नाचायचं. नव्वद मिनिटं पळायचं आणि दुसऱ्या दिवशी कुणाला आठवायचंही नाही, असं ते काम. मला ते आवडायचं. अजूनही आवडतं, आणि त्याचाच जास्त संताप येतो.

खेळ शिकलो भुसावळला, मामांकडे. मामा रेल्वेत होते आणि क्वार्टरच्या मागेच मैदान. आईवडील इकडे सुरतला, डिंडोलीत. दहावीत नापास झालो तसा वडिलांनी, म्हणजे आबांनी, निरोप धाडला की ये, मिलमध्ये लावून देतो. आबा जेट मशीनवर होते. जेट म्हणजे कापड रंगवायचं मोठं बंद पिंप, आत उकळतं पाणी. बारा वर्षं त्यांनी ते पिंप उघडलं आणि बंद केलं, आणि बारा वर्षं ते मिलमध्ये नवेच राहिले. कारण दर उन्हाळ्याच्या शेवटी कंत्राटदार त्यांना पंधरा दिवस घरी बसवायचा आणि सोळाव्या दिवशी नव्या नंबरानं परत घ्यायचा. ह्याला ‘ब्रेक’ म्हणतात. माणूस तोच, मशीन तेच, हाताला पडलेले चट्टे तेच. फक्त कागदावर तो कालच आलेला. आमच्या घरात ‘कायम’ ह्या शब्दाला जे वजन होतं ते भिंतीवरच्या देवालाही नव्हतं.

डिंडोलीच्या पटांगणात आमची गल्लीतली मॅच चालू होती तेव्हा मिलचा लेबर ऑफिसर स्कूटर लावून बघत उभा राहिला. टीमचा मॅनेजर तोच होता. खेळ संपल्यावर त्यानं मला बोटानं बोलावलं.

“हाफमां रमे छे ने तू? कोनो छोकरो?”

हाफमध्ये खेळतोस ना, कुणाचा मुलगा, असं विचारत होता. मी आबांचं नाव सांगितलं. त्याला पत्ता लागेना. मग मशीन सांगितलं, तेव्हा म्हणाला, “अच्छा, चार नंबर जेट!” बारा वर्षांच्या नोकरीची ही ओळख. “त्रण सीझन रमी ले,” तो म्हणाला, “पछी कायमी.” तीन सीझन खेळ, मग कायम. आईनं त्या संध्याकाळी शिरा केला.

मग सुरू झालं. पहाटे प्रॅक्टिस, आठ वाजता मिल. ओलं कापड ट्रॉलीत भरायचं आणि ओढत सुकवायच्या खात्यात न्यायचं. खाली लादीवर कायम साबणाचं पाणी, त्यात पाय घट्ट रोवून चालायचं. आमचा म्हातारा रंगमास्तर, जो टीमचा कोचही होता, म्हणायचा, “इथं जो पडत नाही तो मैदानात काय पडणार!” हे त्याला कौतुक वाटायचं. आमच्या अकराच्या अकरा जणांच्या नखांत रंग असायचा. समोरची टीम हात मिळवतानाच विचारायची, “काय रे, आज मिलमध्ये राणी कलर चालू का?” आमचा गोलकीपर ओरिसाचा होता, तो म्हणायचा, “नहीं भाई, आज काला है, तुम्हारे मुँह के लिए.” हसायचो. हसायला आम्हाला कोणी ब्रेक दिला नव्हता.

आता खरी गोष्ट. मिलांच्या टुर्नामेंटचा नियम होता की फक्त मिलचे कायम कामगारच खेळतील. भाड्याचे खेळाडू आणायचे नाहीत म्हणून हा नियम. छान नियम! त्यामुळे प्रत्येक मिल आपल्या खेळाडूंची कार्डं छापायची. फोटो, मिलचा शिक्का, मॅनेजरची सही आणि गुजरातीत टाइप केलेलं: कायमी कामदार. मॅचआधी रेफरी कार्डावरचा फोटो आणि आमचं तोंड ताडून बघायचा. मॅच संपली की ऑफिसर पत्र्याचा डबा घेऊन फिरायचा, आणि आम्ही घामेजल्या हातांनी कार्डं त्यात टाकायचो. डबा त्याच्या कपाटात. दुसऱ्या दिवशी मिलच्या गेटवर मी खिशातून दुसरं कार्ड काढायचो. त्यावर कंत्राटदाराचं नाव आणि खाली: हेल्पर, हंगामी.

म्हणजे मी नव्वद मिनिटं कायम असायचो. मधे सुट्टीची पंधरा मिनिटं धरा हवं तर.

तिसऱ्या सीझनला मी ऑफिसरला म्हटलं, साहेब, एक दिवस कार्ड घरी नेऊ द्या, वडिलांना दाखवतो. तो खुशीत होता, आम्ही सेमीफायनलला पोचलो होतो. म्हणाला, “काले पाछुं आपी देजे.” उद्या परत दे.

आईनं हात पदराला पुसले आणि मगच कार्ड धरलं. आबा शाळेत गेलेलेच नाहीत, त्यांनी ते दिव्याखाली नेलं आणि फोटोवर बोट ठेवून आपल्या अहिराणीत म्हणाले, “हाऊ तू. आनि आठे काय लिखेल शे?”

मी वाचून दाखवलं. मी गुजराती शाळेत गेलो नव्हतो, सिटी बसच्या आणि दुकानांच्या पाट्या वाचत शिकलो होतो, पण तेवढे दोन शब्द मला नीट येत होते. आबांनी पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा. मग शेजारच्या काकांना हाक मारून त्यांच्यासमोर चौथ्यांदा. काकाही अंगठेबहाद्दर.

तुम्ही म्हणाल, झेरॉक्स का नाही काढली? कोपऱ्यावर दुकान होतं. मीही हेच म्हणतो, रोज म्हणतो. मी आबांना तेव्हा म्हटलंही की हे आपल्याकडेच ठेवू का. ते भडकले. “साहेबना भरोसा शे तुनावर. सकाळी दी टाक.” भरोसा! ज्यांनी इतकी वर्षं त्यांचं नाव पुसून पुसून पुन्हा लिहिलं त्यांचा भरोसा मोडू नये म्हणून आबांना झोप लागेना. आणि मी, आदर्श चिरंजीव, सकाळी सगळ्यांआधी जाऊन कार्ड डब्यात टाकलं. आमच्या लोकांची ही खोड आहे आणि मिलमालक तिच्यावरच जगतात: दुसऱ्याची वस्तू वेळेवर परत करायची. ती वस्तू आपलीच असली तरी.

सेमीफायनल इच्छापोरच्या बाजूच्या एका कंपनीच्या मैदानावर होती, सुट्टीच्या दिवशी. मैदान कसलं, रोलर फिरवलेला मुरूम. दुसऱ्या हाफमध्ये त्यांच्या फॉरवर्डच्या पायातून बॉल काढायला मी घसरलो, बॉल काढलाही, आणि तो फॉरवर्ड अख्खा माझ्या उजव्या गुडघ्यावर आला. आवाज मला ऐकू आला, ओली फांदी मोडल्यासारखा. ऑफिसर धावत आला, बर्फ लावा म्हणाला, आणि मला बाहेर ठेवल्यावर माझ्या खिशातून कार्ड काढून घेऊन गेला. ते बदली खेळाडूसाठी लागतं असं सांगितलं. आम्ही मॅच जिंकलो.

आठव्या दिवशी कुबडी घेऊन गेटवर गेलो. कंत्राटदाराचा सुपरवायझर खुर्चीतून उठलाही नाही.

“ड्यूटीवर लागलं का?”

“मॅचमध्ये. मिलच्या.”

“मॅच कधी होती?”

“सुट्टीच्या दिवशी.”

“मग सुट्टीच्या दिवशी तू काय करतोस ते आम्ही बघायचं? उद्या लग्नात नाचून पाय मोडशील.”

मागचे दोघे हसले. मी ऑफिसरच्या केबिनमध्ये गेलो. कार्ड दाखवा म्हटलं, त्यावर मी कायम आहे. त्यानं चष्मा काढून पुसला. “कयुं कार्ड, भाई?” कुठलं कार्ड! टुर्नामेंटच्या समितीकडे गेलो. समिती म्हणजे कोण? ह्याच मिलांचे लेबर ऑफिसर. खेळाडूंचे फॉर्म रद्दीत गेले म्हणाले. टीममधल्या दहा जणांना मी विचारलं, साक्ष द्याल का. गोलकीपर रडला आणि नाही म्हणाला. त्याला मी दोष देत नाही. बाकीच्यांना देतो, कारण ते रडलेही नाहीत.

तेव्हा मी पांडेसऱ्यातल्या कामगारांच्या एका छोट्या संघटनेत जायला लागलो. खाली बसता येत नव्हतं म्हणून मला टेबलावर बसवून पत्रकं लिहायला लावली. लिहायला तिथंच शिकलो. त्यांनीच सरकारी लेबर ऑफिसात अर्ज घातला: हा माणूस मिलचा खेळाडू होता, उपचार करा आणि कामावर कायम घ्या. सुनावणी लागली. साक्षीदार एकच, आबा.

सुनावणीच्या आदल्या दिवशी ऑफिसर आमच्या घरी आला. डिंडोलीत, आमच्या खोलीत, खाटेवर बसला, चहा प्याला. आबांना म्हणाला, “काका, उद्या एवढंच सांगा की पोरगा हौसेनं खेळायचा. पुढच्या महिन्यापासून तुम्ही कायम.” पोराला नाही तर बापाला. हिशेब बरोबर होता त्याचा: बाप अजून दहा वर्षं पिंप उघडणार होता, मी पळणार नव्हतो.

आबा “बरं” म्हणाले. एवढंच. मी रात्रभर त्यांच्याशी बोललो नाही.

लेबर ऑफिसात मिलतर्फे एक वकील होता, मराठी बोलणारा, फार गोड. आबा उभे राहिले आणि कुणी विचारायच्या आत म्हणाले, “हाऊ मिलकरता खेळे. मी कार्ड पाह्यं. त्यावर कायम लिखेल व्हतं.” ऑफिसरचं तोंड उतरलं. मला वाटलं, जिंकलो. गोल झाल्यावर वाटतं तसं.

वकील म्हणाला, “काका, तुम्हाला वाचता येतं?”

“नही.”

“मग कार्डावर काय होतं ते कसं कळलं?”

“पोऱ्यानी वाचीसन दाखाडं.”

“कोणत्या भाषेत होतं ते?”

“गुजराती.”

“मुलगा गुजराती शाळेत शिकला?”

“नही.”

वकिलानं हात जोडले आणि खाली बसला. त्यापुढे त्याला एक अक्षर बोलावं लागलं नाही. अर्ज पुराव्याअभावी फेटाळला गेला. आणि त्या आठवड्यात आबांना ब्रेक मिळाला, उन्हाळा नसताना. सोळावा दिवस आला, पण ह्या वेळी नवा नंबर आला नाही.

पण त्या दिवशी सुनावणी संपल्यावर लेबर ऑफिसच्या बाहेर चहाच्या गाडीवर आम्ही दोघं उभे होतो. ते माझ्यासाठी कायमपण सोडून आले होते, चार शब्द खरे बोलण्यासाठी, आणि ते खरे आहेत हे तपासायला त्यांच्याकडे माझ्या तोंडाशिवाय काही नव्हतं. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “तुनी खोटं तं नही वाचं ना रे?”

मी ओरडलो त्यांच्यावर. भर रस्त्यात, कुबडी आपटून, येणारीजाणारी माणसं थांबेपर्यंत. सुपरवायझरवर मी असा ओरडलो नव्हतो, ऑफिसरवर नाही, त्या गोड वकिलावर तर नाहीच. आबा ऐकत उभे राहिले. माझं ओरडणं संपल्यावर म्हणाले, “नही ना? मंग बस झालं,” आणि माझी कुबडी सरळ करून माझ्या काखेत दिली.