रिकाम्या ट्रॅकमधला कुकारा

खरं सांगतो, असले अनुभव सांगणाऱ्यांची मी टर उडवायचो. माझा धंदाच एडिटिंगचा — आवाज कसे घुसडतात ते मला पाठ आहे. तरीही हे लिहितोय...

मी पळसदरीचा. गेल्या वर्षी आत्याच्या यजमानांवर, म्हणजे आमच्या मामांवर, वीस मिनिटांची फिल्म केली. दुपारी मामा बांधावरून कुकारा घालायचे — "कूऽऽ... भाकर आण गं!" घरातून आत्याचं "आले वो!" येईपर्यंत थांबायचेच नाहीत. तोच सीन फिल्मचा जीव. आणि मी गाढवानं रेकॉर्डरचं बटण एकदाच दाबलं! दोनदा दाबल्याशिवाय तो सुरूच होत नाही. कॅमेरा लांब, त्याच्या माइकात नुसता वारा. पुन्हा घेऊ म्हटलं... पंधरा दिवसांत मामा गेले.

"आवाज तरी ठेवायचा व्हतास रं त्यांचा," आत्या म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या सीनवर शेवटी बासरी लावली.

फिल्म थिएटरात दाखवायची ठरली, पण तिथे साधी फाईल चालत नाही. डीसीपी नावाचं पॅकेज एक्सपोर्ट करावं लागतं. त्यात आवाजाचे सहा ट्रॅक. माझ्याकडे दोनच होते, उरलेले चार, मागच्या स्पीकरचेही त्यातच, रिकामे सोडले.

कर्जतच्या थिएटरात सकाळी नऊला टेस्ट. हॉलमध्ये मी आणि आत्या, वर केबिनमध्ये ऑपरेटर नाईकदादा. बासरी सुरू झाली... आणि आमच्या पाठीमागून, भिंतीवरच्या स्पीकरमधून —

"कूऽऽ... भाकर आण गं!"

मामांचाच आवाज! भीती नाही वाटली, खोटं कशाला बोलू. ऊर भरून आला, हात आपोआप जोडले गेले. दुसऱ्यांदा हाक आली तशी आत्या ताडकन उठली आणि ओरडली, "आले वो!"

आवाज थांबला. उरली नुसती बासरी.

नाईकदादा धावत खाली आले. "मागचे ट्रॅक रिकामे हायत बोललास ना रं?"

रिकामेच होते. तिथेच लॅपटॉपवर उघडून दाखवले — चारहींत सरळ रेघ, म्हणजे आवाजच नाही. फिल्म परत दोनदा लावली, काही नाही. घरी येऊन सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. आजही मला उत्तर सापडलेलं नाही, आणि मी शोधायचं सोडलेलंही नाही.

त्या दिवशी थिएटरबाहेर आत्याला म्हटलं, "अजून एकदा लावून बघू?"

तिनं डोळे पुसले, रिक्षात बसली.

"नको रं. ओ दिली ना मी... आता कशाला बोलवतील?"