ज्या विमानात ते नव्हते

आमचं लग्न झालं तेव्हा माझ्या नवऱ्याने विमान फक्त खालून पाहिलेलं होतं. अंबरनाथला मोरिवलीला लागून जी एमआयडीसी आहे, तिथल्या एका कारखान्यात औषधकंपन्यांना लागणारे मोठाले ड्रायर बनतात. डिप्लोमा झाल्या झाल्या ते तिथे लागले. मी उल्हासनगरच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. राहायला आम्ही अंबरनाथ पूर्वेला, सासूबाई आमच्याकडेच. मग कारखान्याचे ड्रायर परदेशी जायला लागले आणि त्यांच्या मागोमाग हेही. यंत्र बसवायचं, चालू करून द्यायचं, तिथल्या लोकांना शिकवायचं आणि परत यायचं. ब्राझील, मेक्सिको, अमेरिका. वर्षातून सहा-सात वेळा.

सुरुवातीची वर्षं मजेची होती. बिल्डिंगमधल्या कोणाचं तरी माणूस दुबईला होतं, पण साओ पावलो फक्त आमच्याकडे होतं. विमान कंपनीने आधी निळं कार्ड दिलं, मग चांदीच्या रंगाचं, मग सोनेरी. त्या कार्डावर लाउंजमध्ये फुकट जेवण मिळतं, आंघोळ करता येते, एकदा तर पुढच्या वर्गात सीट मिळाली आणि आडवं झोपायला मिळालं, हे सगळं ते घरी येऊन रंगवून सांगायचे. सासूबाई विचारायच्या, "आडवं? आणि बाकीच्या लोकांसमोर?" वर्गात प्रमाणवेळ शिकवताना मी त्यांचंच उदाहरण द्यायचे. माझे मिस्टर आत्ता रात्रीचे घोरतायत, तुम्ही डबा खाताय. पोरं हसायची, पण धडा लक्षात राहायचा.

मग त्यातली मजा ओसरली. ते यायचे तेव्हा पाय सुजलेले असायचे, मोज्याचं इलॅस्टिक घोट्यावर रुतलेलं. दुपारी तीनला झोपायचे, भलत्या वेळी जागे व्हायचे, ताटावर बसल्या बसल्या डोळे मिटायचे. त्यांच्यासाठी घर आवाज न करायला शिकलं. कुकर सकाळी लवकर लावून टाकायचा, सासूबाईंची मालिका बंद, मुलीने पाढे मनात म्हणायचे. उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानातून मी जाड पडदे शिवून आणले. "भाभी, दिन में रात हो जायेगी," तो दुकानदार म्हणाला होता आणि खरंच तसं व्हायचं. ते ज्या दिवशी येणार त्या दिवशी मी शाळेत अर्धा दिवस रजा टाकायचे. मऊ भात, मेतकूट, तूप. दुसरं काही त्यांना जायचं नाही.

मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना तिच्या मैत्रिणीने तिला विमानं दाखवणारं एक ॲप दाखवलं. नकाशावर पिवळी विमानं सरकत असतात, नंबर टाकला की आपलं विमान सापडतं. तेव्हापासून पप्पा येणार त्या सकाळी माझा फोन तिच्या हातात. "आई, मस्कत गेलं. आजी, पप्पा आता समुद्रावर आहेत." सासूबाई चष्मा लावून त्या पिवळ्या ठिपक्याला हात जोडायच्या. ते येणार त्या तारखेवर मुलगी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने छोटंसं विमान काढायची. ठिपका मुंबईला टेकला की ती मला फोन लावायला लावायची आणि ते उचलून म्हणायचे, "उतरलो. बेल्टपाशी उभा आहे, बॅग यायचीय."

चार वर्षांपूर्वी बदलापूरला सोनिवलीत आम्ही घेतलेल्या फ्लॅटचा ताबा मिळाला. वन बीएचके. पुढेमागे भाड्याने देऊ किंवा मुलीला होईल, असा विचार. किल्ल्यांचे दोन जुडगे होते, एक त्यांच्याकडे, एक माझ्या कपाटात. नळ, खिडक्या, सोसायटीची मीटिंग असं सगळं तेच बघायचे. मी वास्तुपूजेनंतर तिथे गेलेही नव्हते.

मागच्या वर्षी ते मेक्सिकोत असताना त्यांचा फोन आला. घाईत होते. "अगं, माझे कार्डावरचे माइल्स, ते पॉइंट गं, लॅप्स होतायत म्हणून मेल आलाय. मला इथे नेट धड मिळत नाहीये. पासवर्ड पाठवतो, तूच आत जाऊन काहीतरी घेऊन टाक. बॅग घे, काहीही घे."

शनिवारची दुपार होती. मी लॅपटॉप उघडला. बॅगा बघता बघता त्यांच्या सगळ्या प्रवासांची यादी समोर आली. तारीख, कुठून कुठे, किती माइल्स. मी सहज वाचायला लागले. बरं वाटत होतं, एवढी पृथ्वी फिरलं आपलं माणूस. वाचता वाचता मागच्या डिसेंबरची तारीख अडली. शेवटचा टप्पा, आखातातून मुंबईचं विमान, एकोणीसला, आणि ते घरी आले होते वीसला. मला पक्कं आठवत होतं, कारण वीसला शाळेचं गॅदरिंग होतं आणि मी मुख्याध्यापिकेच्या शिव्या खाऊन रजा घेतली होती.

पहिल्यांदा वाटलं, तारखेचा घोळ असेल. भूगोलाची बाई मी, कागद घेऊन बसले. पण आखात आणि मुंबई यांच्यात दीड तासाचा फरक. सकाळी आठला उतरणारं विमान कुठल्याही हिशोबाने दुसऱ्या दिवशी उतरत नाही. मग मी माळ्यावरची जुनी कॅलेंडरं काढली आणि लाल विमानं शोधत गेले. प्रत्येक लाल विमान एक दिवस उशिरा होतं. सोनिवलीचा ताबा मिळेपर्यंत तारखा जुळत होत्या. त्यानंतर एकही नाही.

त्यात एक बुधवार होता.

त्या बुधवारी दुपारी सासूबाईंना धाप लागली होती. ओठ निळे पडायला लागले. मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "मुलगा कुठे आहे यांचा?" "विमानात आहेत," मी म्हणाले आणि फॉर्मवर सही केली. त्यांचा फोन बंद लागत होता, तो लागणारच होता. नळीतून ऑक्सिजन चालू असताना सासूबाई मास्क बाजूला करून मला विचारत होत्या, "कुठपर्यंत आला गं?" आणि मी सांगत होते, "येतायत, येतायत." दुसऱ्या दिवशी ते बॅगेसकट थेट दवाखान्यात आले. आईचा हात धरून बसले. मला म्हणाले, "तू होतीस म्हणून." हे वाक्य मी पुढे कितीतरी दिवस जपलं होतं.

यादीत ते विमान त्याच बुधवारी सकाळी मुंबईला उतरलेलं होतं.

आता कोणीही जे समजेल तेच मी समजले. कोणीतरी बाई आहे. मी माझ्या कपाटात पाहिलं, सोनिवलीचा जुडगा जागेवर होता. या खेपेला ते शुक्रवारी येतो म्हणाले होते. मी गुरुवारची रजा टाकली.

गुरुवारी सकाळी मुलगी शाळेत गेल्यावर मीच ॲप उघडलं. विमान वेळेवर उतरलं. मी फोन केला नाही. अकराच्या सुमारास बदलापूरला उतरून पश्चिमेला रिक्षा केली. गेटवरच्या वॉचमनने मला ओळखलं नाही. फ्लॅट नंबर सांगितल्यावर म्हणाला, "साहेब आहेत ना वर. सकाळीच आले. झोपले असतील, उठवू नका हां, साहेबांना आवडत नाही."

माझी किल्ली लागली नाही, आतून कडी होती. मी बेल वाजवत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी दार उघडलं. बनियन, हाफ पँट, केस उभे. मी त्यांना बाजूला सारून आत गेले. आधी चपला बघितल्या. त्यांचेच बूट होते. बेडरूममध्ये जमिनीवर एक गादी, विमानातली चादर, खिडकीला पुठ्ठे चिकटवलेले. बाथरूम बघितलं. स्वयंपाकघरात एक इलेक्ट्रिक किटली, एकच कप, नूडल्सची पाकिटं आणि विमानातल्या मिठा-मिरीच्या पुड्या. दुसऱ्या कोणाची एक पिनसुद्धा नव्हती.

"कोण येतं इथे?"

"कोणी नाही."

"मग तुम्ही काय करता इथे?"

"झोपतो."

"झोपता?"

"झोपतो. उठून चहा पितो. परत झोपतो. खरंच सांगतो, दुसरं काही नाही."

ते खरं बोलत होते हे मला दिसत होतं आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. बाई असती तर तिच्याशी भांडता आलं असतं.

"घरी झोपू देत नाही आम्ही? पडदे लावते, टीव्ही बंद करते, तुमची आई खोकला दाबून बसते."

"तेच ना," ते म्हणाले. मग भिंतीला टेकून खाली बसले. "तुम्ही सगळे माझ्यासाठी गप्प बसता. ते मला आत ऐकू येतं. मग मी झोपल्यासारखं करतो. उठलो की हसतो, चॉकलेटं काढतो. तिकडे पंधरा दिवस गिऱ्हाइकासमोर हसायचं, विमानात शेजारच्याला सांभाळायचं, आणि दार उघडलं की तुम्ही तिघी समोर. मला मध्ये एक दिवस पाहिजे होता. कोणी नको होतं."

पहिल्यांदा ते मुद्दाम झालं नव्हतं म्हणे. विमानतळावरून प्लंबरला भेटायला थेट इथे आले, प्लंबर गेल्यावर नुसत्या फरशीवर आडवे झाले आणि संध्याकाळीच जाग आली. विमानात बंद केलेला फोन तोवर बंदच होता; मला काय सांगायचं सुचेना म्हणून मधली फ्लाइट चुकली म्हणाले. कंपनी लांबच्या प्रवासानंतर दोन दिवस सुट्टी देते, मला एकच माहीत होती. मग पुढच्या वेळी निघतानाच त्यांनी एक दिवस पुढची तारीख सांगितली.

"मला सांगायचं होतंत."

"तू जाऊ दिलं असतंस?"

नसतं दिलं. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं होतं, पण मी ते कबूल केलं नाही.

"आणि तो बुधवार?" मी विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. "फोन बंद करून झोपलो होतो. चालू केला तेव्हा तुझे सतरा कॉल होते. मग लगेच कसा येणार? विमानात होतो ना मी."

"तुझी आई होती ती."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि मी त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. दोघांनाही ते ऐकू आलं. मी थांबले नाही. "खोटारडा आहेस तू. पोरगी सकाळपासून विमान बघत बसते, नंबर कुठला द्यायचास तिला?"

"नंबर रोज तोच असतो," ते हळूच म्हणाले. "फ्लाइट रोजचीच आहे."

म्हणजे निदान नंबर तरी खोटा दिला नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. एवढं बोलून त्यांनाच ते लागलं असावं, कारण त्यांनी तोंडावर हात धरला. मी जिना उतरून आले. वॉचमन म्हणाला, "उठले का साहेब?"

संध्याकाळी ते बॅग घेऊन घरी आले. मुलगी दारातच ओरडली, "अरे पप्पा! तुझं तर उद्या होतं ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आधीचं मिळालं," ते म्हणाले.

सासूबाईंना केवढा आनंद झाला. मी पाणी आणून दिलं, भात टाकला. त्या खोट्यात आता मीही सामील झाले होते, आणि मला कोणी विचारलंही नव्हतं. याचा राग सोनिवलीच्या रागाहून वेगळा होता आणि तो मला जास्त पुरला.

महिनाभर आम्ही मुलीपुरतंच बोललो. मग एका रविवारी मी सांगितलं, "आईंना सांगू नका, त्यांना नाही झेपणार. पण हिला तुम्ही सांगायचं. मी नाही." त्यांनी सांगितलं. सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. मुलगी आता चौदाची आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी कोणाचं विमान बघत होते?"

तिने माझा फोन घेतला, ॲप काढून टाकलं आणि फोन परत माझ्या हातात दिला. बरेच दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची, सही हवी, फी भरायचीय, एवढंच. आता बोलते. पण कुठे चाललास, कधी येणार, हे विचारत नाही.

मी त्यांना म्हटलं होतं, पाहिजे तर जा सोनिवलीला, फक्त सांगून जा. एकदा सांगून गेलेही. दुपारीच परत आले. "झोप नाही लागली," म्हणाले. पुढे तो फ्लॅट आम्ही एका नव्या जोडप्याला भाड्याने दिला. मग त्यांनी साहेबांना सांगून परदेशाचं कामच सोडलं. आता कारखान्यातच नव्या मुलांना शिकवतात, सकाळी आठ ते संध्याकाळी साडेपाच. पायांची सूज उतरलीय. वजन थोडं वाढलंय. लोक मला म्हणतात, बरं झालं, घरी असतात आता.

घरी असतात. पण ते पृथ्वीच्या त्या टोकाला असायचे तेव्हा मी निर्धास्त असायचे, आणि आता मोरिवलीहून यायला दहा मिनिटं लागतात तर मी पावणेसहापासून घड्याळ बघते. मला स्वतःचं हे आवडत नाही. शाळेतली एक बाई नवऱ्याला दर तासाला फोन करते म्हणून आम्ही स्टाफरूममध्ये तिला हसायचो.

मागच्या आठवड्यात त्यांना सात वाजले. मी फोन केला नाही, मुद्दाम केला नाही. आले, बूट काढले, स्वतःहूनच म्हणाले, "गेटपाशी चहा घेत बसलो होतो."

"कोणाबरोबर?"

"एकटाच."

"इतका वेळ?"

"हो."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. खरं असावं. पूर्वी मी असं बघितलंच नसतं.

"बरं," मी म्हणाले आणि कणीक मळायला घेतली.